रंग आणि रांग

लक्ष्मीपूजन आटोपले, अनारशांचे ताट दोनदा फिरून रिकामे झाले आणि अंगणातला फटाक्यांचा धूर जरा विरला, की आमच्या घरी माजघरात जाजम अंथरले जाते. मग कपाटातून दोन वस्तू बाहेर येतात. एक पत्त्यांचा कॅट आणि दुसरी चिंचोक्यांची पिशवी. चिंचोके अशासाठी, की या घरात पैसे लावून खेळायचे नाही, हा आमच्या आईचा नियम आहे. तिने ऐंशी ओलांडली आहे, पण तीन पत्तीच्या डावात तिच्यासमोर बसायला अजून आम्हांला धीर होत नाही. जगातली सारी लबाडी त्या तीन पानांमागे लपवून ती इतक्या शांतपणे ‘चाल’ म्हणते, की समोरच्याने मुकाट्याने ‘पॅक’ म्हणावे.

गेल्या दिवाळीत मात्र तिला तोडीस तोड भेटला. माझा पुतण्या शिक्षणासाठी चार वर्षे अमेरिकेत राहून आला होता. डाव रंगला, बाकीचे एकेक करून गळाले आणि शेवटी आजी आणि नातू असे दोघेच उरले. पाने उघडली. आईची पंजी, छक्की आणि सत्ती निघाली, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. पुतण्याची तिन्ही पाने बदामाची होती, पण क्रमाने नव्हती. त्याने चिंचोक्यांच्या राशीला हात घातला.

“आजी, कलर मोठा. चिंचोके माझे.”

“ठेव ते खाली! सत्तर वर्षे खेळते आहे मी. रांगेपुढे रंग चालत नाही.”

“अगं, अख्ख्या अमेरिकेत कलर मोठा धरतात!”

“मग अमेरिकेचे चुकत असेल.”

निवाडा करण्यासाठी दोघेही माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “दोघांचेही बरोबर आहे.” असला निवाडा कोणालाच आवडत नाही, तसा तो त्यांनाही आवडला नाही. परंतु तो खरा होता. तो खरा कसा, हे सांगायला बसलो तेव्हा गोष्ट माजघरातून निघून मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींपर्यंत, तेथून टेक्ससच्या धुळीच्या रस्त्यांवर आणि अखेर वाळवंटातल्या लास वेगास शहरापर्यंत जाऊन पोहोचली. तीच आज वाचकांपुढे मांडतो. रंग आणि रांग या दोन साध्या कल्पनांचा हा इतिहास आहे. आणि ज्या दोन पानांत रंगही असतो व रांगही असते, म्हणजे एकाच रंगाची शेजारशेजारची दोन पाने, बदामाची सत्ती-अठ्ठी म्हणा किंवा इस्पिकची पंजी-चौकी म्हणा, त्यांच्या भाग्योदयाचाही हा इतिहास आहे.

आधी आजी-नातवाचा तंटा मिटवू. पत्त्यांच्या खेळात कोणते पान-मंडळ मोठे आणि कोणते लहान, हे राजाज्ञेने ठरलेले नाही. जे दुर्मिळ ते मोठे, एवढाच त्यामागचा न्याय. बावन्न पानांतून तीन पाने निवडण्याचे एकूण २२,१०० प्रकार होतात. त्यांपैकी नुसती रांग ७२० प्रकारांनी येते आणि नुसता रंग १,०९६ प्रकारांनी. म्हणजे तीन पानांत रांग अधिक दुर्मिळ आहे, आणि आईचे म्हणणे खरे. पण अमेरिकेच्या पोकर नावाच्या खेळात हात पाच पानांचा असतो. बावन्नांतून पाच निवडण्याचे प्रकार २५,९८,९६० आहेत. त्यांत नुसती रांग १०,२०० वेळा येते आणि नुसता रंग अवघा ५,१०८ वेळा. पाच पाने म्हणताच पारडे फिरले, रंग रांगेच्या दुपटीने दुर्मिळ झाला. नातवाचेही खरे!

आता यात आणखी एक मौज आहे. आपल्या तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तिन्ही सारखी पाने, सर्वांत श्रेष्ठ मानतात, आणि एका रंगाची रांग, जिला खेळणारे ‘प्युअर सिक्वेन्स’ म्हणतात, ती दुसरी. पण मोजून पाहिले तर ट्रेल ५२ प्रकारांनी येते आणि एका रंगाची रांग ४८च प्रकारांनी. न्यायाने पहिला मान शुद्ध रांगेचा. तो तिला मिळाला नाही, कारण आपली तीन पत्ती ज्या खेळातून आली त्या इंग्रजांच्या ‘ब्रॅग’मध्येही तीन सारख्या पानांचीच मिरासदारी होती. ब्रॅग हा अठराव्या शतकातला इंग्लंडचा लाडका जुगार. पत्त्यांच्या नियमांचा ज्याच्या नावाने आजही हवाला देतात त्या एडमंड हॉइलने १७५१ साली त्यावर पुस्तिका लिहिली होती. साहेबाबरोबर तो खेळ हिंदुस्थानात आला आणि येथलाच झाला. रिवाज एकदा बसला म्हणजे गणितालाही दाद देत नाही, हे आपणा मराठी माणसांना वेगळे सांगायला नको.

हे मोजण्याचे शास्त्रही जुगाऱ्यांच्या गरजेतूनच जन्मले. सोळाव्या शतकात मिलानमध्ये जिरोलामो कार्दानो नावाचा वैद्य होऊन गेला. मोठा विद्वान, मोठा गणिती आणि मोठा जुगारी! फासे आणि पत्ते यांच्या शक्याशक्यतेवर त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापून निघाला. त्याआधी १६५४ साली फ्रान्समध्ये पास्कल आणि फेर्मा या दोन गणित्यांत, अर्धवट थांबलेल्या डावातली रक्कम कशी वाटावी यावर पत्रव्यवहार झाला आणि त्यातून संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला. आज विम्याचे हप्ते ज्या शास्त्राने ठरतात त्याचे पाळणाघर जुगाराच्या टेबलाखाली होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता अमेरिकेकडे वळू.

१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेतला आणि न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपीच्या मुखाजवळचे फ्रेंच वळणाचे शहर तिच्या हाती आले. तेथे ‘पोक’ नावाचा एक फ्रेंच खेळ चालत असे. त्याच्या नावाचा आणि पोकरच्या नावाचा संबंध बहुतेक अभ्यासक मानतात. १८१२ साली त्या नदीवर पहिली आगबोट न्यू ऑर्लिन्सला पोहोचली, आणि पुढे पन्नास वर्षे त्या आगबोटी म्हणजे तरंगते जुगारखाने झाले. कापूस विकून खिसा गरम झालेले मळेवाले, व्यापारी, नशीब काढायला निघालेले तरुण आणि त्या सर्वांच्या खिशांवर डोळा ठेवून बसलेले, उंची कोट घातलेले पत्तेबाज असा तो मेळा असे. १८२९ साली जोसेफ कॉवेल नावाचा एक इंग्रज नट अशाच बोटीने प्रवास करीत होता. पुढे आपल्या आठवणींत त्याने तेथे पाहिलेल्या पोकरच्या डावाचे वर्णन केले. या खेळाच्या अगदी जुन्या नोंदींत त्याची गणना होते.

तो जुना पोकर आजच्या माणसाने ओळखला नसता. त्यात पाने होती वीसच: एक्के, राजे, राण्या, गुलाम आणि दश्श्या. चौघे खेळणार, प्रत्येकाला पाच पाने, की कॅट संपला. दुर्री-तिर्रीपासून नव्वीपर्यंतच्या सगळ्या गोरगरीब प्रजेला त्या दरबारात मज्जाव होता. रंगाला किंमत नव्हती, रांगेलाही नव्हती. जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, तीन आणि दोन, चार सारखी, एवढीच काय ती प्रतवारी. चार एक्के ज्याच्या हाती आले त्याला हरवणारा हात त्रिभुवनात नव्हता. चार राजे आणि जोडीला एक एक्का आला, तरी तेच. मग पुढे खेळायचे ते काय उरले? ज्याला आपण हरणार नाही याची खात्री आहे, त्याने समोरच्याला बोली वाढवायला लावणे म्हणजे खेळ नव्हे, लूट आहे.

आणि लूट तर चालूच होती. पत्तेबाजांच्या टोळ्यांनी नदीकाठची गावे त्रासून गेली होती. १८३५च्या जुलैत व्हिक्सबर्ग गावच्या लोकांनी पाच जुगाऱ्यांना कोर्टकचेरीवाचून फासावर लटकावले. पोकरचे बालपण असे रक्ताळलेले आहे.

पुढे वीस पानांच्या जागी बावन्न पानांचा पुरा कॅट आला. कारण व्यवहाराचे होते. चौघांऐवजी अधिक माणसांना खेळता यावे, आणि पुढे हातची नको असलेली पाने टाकून नवी घेता यावीत. पण या व्यवहारी सुधारणेने एक लहानशी क्रांती घडवली. वीस पानांत प्रत्येक रंगाची पाचच पाने असत, त्यामुळे एका रंगाचा हात जवळजवळ अशक्यच. आता प्रत्येक रंगाची तेरा पाने झाली आणि रंगाला अर्थ आला. रंग हा मान्यवर हात झाला. रांगेला मात्र आणखी वाट पाहावी लागली. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या सुमारास छावण्याछावण्यांतून पोकर खेळला जाऊ लागला, त्या काळात रांगेचे प्रस्थ वाढले. तरी पुढेही काही वर्षे, डावाला बसण्यापूर्वी ‘रांग धरायची की नाही’ हे विचारून घ्यावे लागे. विचारले नाही तर तंटा, आणि तेथले तंटे चिंचोक्यांवर मिटत नसत.

रांग मान्य झाली आणि तिच्या पाठोपाठ एका रंगाची रांगही आली. तिने चार एक्क्यांचे सिंहासन हलवले. आता बदामाची चौकी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी हातात असलेला माणूस चार एक्क्यांच्या धन्याला हरवू शकत होता. पाचही पाने सामान्य, एकटी असती तर कोणी विचारले नसते. पण एका रंगाची आणि एका ओळीत उभी राहिली, की राजेमहाराजे त्यांना वाट देऊ लागले. आणि कोणाचाही विजय आता निर्विवाद राहिला नाही. पोकर खऱ्या अर्थाने खेळ झाला तो या दिवशी, असे मला वाटते.

तरीही सत्ती-अठ्ठीसारख्या दोन पानांचा स्वतंत्र विचार करण्याची वेळ अजून यायची होती. ती आणली टेक्ससने.

टेक्ससमधल्या रॉब्सटाउन या लहान गावात विसाव्या शतकाच्या आरंभी पोकरचा एक नवा प्रकार सुरू झाला, असे मानतात. तिथल्या विधिमंडळाने २००७ साली तसा ठरावच केला. या प्रकाराला ‘टेक्सस होल्डेम’ म्हणतात. खेळाडूला पाने मिळतात फक्त दोन, तीही पालथी. त्यावर बोली होते. मग टेबलाच्या मध्यभागी तीन पाने उघडी मांडतात, ती सर्वांची. पुन्हा बोली. मग चौथे पान, बोली. मग पाचवे, आणि शेवटची बोली. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून ज्याची उत्तम पाच, तो जिंकला.

आता विचार करण्यासारखा प्रश्न असा, की मधली पाने यायच्या आधी हातातल्या दोन पानांची किंमत काय करायची? दोन एक्के आले तर शंकाच नाही. एक्का-राजा आला तरी ठीक. पण बदामाची सत्ती-अठ्ठी आली तर? बहुतेक सावध माणसे ती टाकून देत, आणि त्यांचे फारसे चुकतही नसे. कारण दोन एक्क्यांशी तिची सरळ झुंज लावली, तर ती शंभरात सुमारे तेवीस वेळाच जिंकते. एका रंगाची असल्यामुळे तिचे बळ वाढते, असे पुष्कळांना वाटते. ते वाढतेही, पण शेकडा तीन-चारापलीकडे नाही. नुसता रंग पाहून भुलणारा माणूस येथेच फसतो.

मग तिची खरी ताकद कशात? एक तर रांगा. अठ्ठी-सत्तीतून चार वेगवेगळ्या रांगा होऊ शकतात: चौकीपासून, पंजीपासून, छक्कीपासून आणि सत्तीपासून सुरू होणाऱ्या. एक्का-राजाची मात्र एकच रांग, कारण एक्क्याच्या वर कोणी नाही. मोठ्या माणसाला शेजारी कमी असतात, तसेच हे! पंजी-चौकीपासून गुलाम-दश्शीपर्यंतच्या सर्व लागोपाठच्या जोड्यांना अशा चार-चार रांगा आहेत.

दुसरी गोष्ट अशी, की पहिली तीन पाने उघडताच तिचे भवितव्य बहुधा समजते. त्या तीन पानांवरच रंग पूर्ण होईल हे एकशे एकोणीस वेळांत एकदा घडते. रांग पूर्ण होईल हे सत्याहत्तर वेळांत एकदा. दोन जोड्या, तीन सारखी वगैरे सगळी भाग्ये एकत्र केली, तरी अठरा वेळांत एकदाच हात खरोखर जड होतो. बाकी सतरा वेळांपैकी पुष्कळदा काहीच हाती लागत नाही आणि पाने निमूटपणे टाकून द्यावी लागतात. पण कधी कधी असे होते, की रंगाला एक पान कमी आणि रांगेलाही, दोन्ही टोकांनी मोकळी असून, एकच पान कमी. अशा वेळी उरलेल्या सत्तेचाळीस पानांपैकी पंधरा पाने उपयोगाची असतात आणि दोन पानांत त्यांतले एखादे येण्याची शक्यता शेकडा चोपन्न असते. ज्याच्या हातात अजून काहीच झालेले नाही, तो ज्याचा हात तयार आहे त्याच्यापेक्षा वरचढ ठरतो. येथे नुसती आशा तयार मालापेक्षा जड भरते.

यावरून जाणत्यांनी जे नियम बसवले, ते संसारातल्या शहाणपणासारखेच आहेत. एक, ही पाने स्वस्तात मिळत असतील तरच घ्यावीत. जवळच्या पुंजीचा विसावा हिस्सा घालावा लागत असेल तर हरकत नाही, दहावा हिस्सा लागत असेल तर हात आखडावा. दोन, समोरच्याच्या पुढ्यात भरपूर चिप्स असावेत. कारण सतरा वेळा थोडेथोडे गमावायचे आणि अठराव्या वेळी भरून काढायचे, तर भरून काढण्याइतके त्याच्यापाशी असले पाहिजे. तीन, आपली पाळी शेवटी असावी, म्हणजे इतरांचे मनोगत कळून मग आपले ठरवता येते. आणि चार, लहान रंग झाला म्हणून हुरळून जाऊ नये. अठ्ठीचा रंग झाला तेव्हाच समोर राणीचा झालेला असू शकतो. अशा डावात जवळ दुसऱ्या क्रमांकाचे बळ असणे फार महागात पडते.

हा विचार छापील अक्षरांत सर्वांपुढे आणणाऱ्यांत डॉयल ब्रन्सन या टेक्ससच्या माणसाचे नाव मोठे आहे. त्याचा जन्म १९३३चा. शाळा-कॉलेजात तो बास्केटबॉलचा नामांकित खेळाडू होता. कारखान्यात काम करताना पाय मोडला आणि ती वाट बंद झाली. शिक्षणशास्त्राची वरची पदवी घेतलेला हा गडी मास्तर व्हायचा, तो पत्ते खेळत टेक्ससभर हिंडू लागला. त्या काळी तिथले डाव बेकायदा चालत. जिंकणे एक आणि जिंकलेले घेऊन सुखरूप बाहेर पडणे दुसरे, अशी अवस्था होती. पुढे १९६०च्या दशकात ही टेक्ससची मंडळी होल्डेम घेऊन लास वेगासला आली, आणि १९७० साली बेनी बिनियनच्या हॉर्सशू कॅसिनोत पोकरची जागतिक स्पर्धा सुरू झाली. ब्रन्सनने ती १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी-दुर्री असावी, हाही एक योगायोगच.

त्या दशकाच्या अखेरीस त्याने इतर जाणकारांच्या साहाय्याने पोकरवर एक जाडजूड ग्रंथ काढला. आतापर्यंत गुरूच्या कानातून शिष्याच्या कानात जाणारी विद्या त्याने बाजारात मांडली. आपले उत्पन्नाचे साधन आपणच जगाला शिकवले, याचा पुढे त्याला पश्चात्तापही झाला म्हणतात. त्यात त्याने या लहान, लागोपाठच्या, एका रंगाच्या पानांची बाजू हिरिरीने मांडली होती. त्याचा मुद्दा साधा होता: दोन एक्के हाती असलेला माणूस बहुधा लहान डाव जिंकतो आणि मोठा हरतो, कारण एक्के टाकून देणे त्याच्या जिवावर येते. सत्ती-अठ्ठीवाल्याचे उलट असते. त्याचे थोडे जाते आणि येते ते भरभरून येते. शिवाय पाने जुळली नाहीत तरी जोरदार बोली करून समोरच्याला पळवता येते, आणि तो पळाला नाही तरी पुढच्या पानाची आशा असतेच.

आता काळाचा न्याय पाहा. १९८० साली ब्रन्सन पुन्हा अंतिम डावाला बसला. समोर होता न्यूयॉर्कचा स्टू अंगर, वय सव्वीस, शरीराने किरकोळ, चेहऱ्याने पोरगेलासा. जिन रमी या खेळात त्याच्यासमोर बसायला माणूस मिळत नसे, अशी त्याची ख्याती होती. शेवटच्या डावात ब्रन्सनकडे एक्का-सत्ती होती आणि अंगरकडे इस्पिकची पंजी-चौकी. मधली तीन पाने उघडली: एक्का, सत्ती, दुर्री. ब्रन्सनच्या दोन जोड्या झाल्या, त्याही सर्वांत वरच्या. त्याने बोली केली. अंगरला रांगेसाठी एकच पान हवे होते, तिर्री. कॅटात तिर्र्या चार. म्हणजे पुढच्याच पानावर ती येण्याची शक्यता बारांत एक. नुसत्या मधल्या राशीकडे पाहिले, तर हा सौदा तोट्याचा होता. पण अंगर राशीकडे पाहत नव्हता, ब्रन्सनच्या पुढ्यात उरलेल्या चिप्सकडे पाहत होता. तिर्री आलीच, तर दोन जोड्यांचा धनी माघार घेणार नाही आणि उरलेले सारे मध्ये येईल, हा त्याचा हिशेब होता. तो डावात राहिला.

चौथे पान उघडले. तिर्री!

सारे चिप्स मध्ये आले. शेवटचे पान ब्रन्सनच्या उपयोगी पडले नाही. एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी: रांगांतली सर्वांत धाकटी रांग, पण ती जगज्जेतेपदाला पुरली. ज्याने जगाला ही पाने खेळायला शिकवले, त्याचा त्याच पानांनी पराभव झाला. द्रोणाचार्यांना आपल्याच शिष्यांचे बाण झेलावे लागले, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की अंगर हा त्याचा शिष्य नव्हता.

तेवीस वर्षांनी, २००३ साली, तेथेच पुन्हा पंजी-चौकी अवतरली. टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस, घरी बसून इंटरनेटवरची एक छोटी स्पर्धा जिंकून, या दहा हजार डॉलर प्रवेश-फीच्या स्पर्धेत येऊन पोहोचला होता. एकंदर ८३९ खेळाडू. शेवटच्या डावात त्याच्याकडे पंजी-चौकी, आणि समोर सॅम फारा या मुरलेल्या खेळाडूकडे गुलाम-दश्शी. दोघांकडेही लागोपाठची पाने, पण कोणाचीच एका रंगाची नाहीत. मधली पाने आली गुलाम, पंजी, चौकी. शेवटी आणखी एक पंजी आली आणि साध्या हिशेबनिसाने पंचवीस लाख डॉलर जिंकले. त्याचे पाहून जगभर माणसे पत्ते घेऊन बसली. तीनच वर्षांनी, २००६ साली, त्या स्पर्धेत ८,७७३ लोक होते.

येथे गोष्ट थांबवली, तर ती मनोरंजक होईल, पण खरी होणार नाही. जिंकलेल्या डावांच्या कथा सांगितल्या जातात, सतरा वेळा गमावलेल्यांच्या कोणी सांगत नाही. ८,७७३ जणांतून एक नाव छापून येते, उरलेले ८,७७२ जण घरी कसे परतले, हे कोणाला ठाऊक? आणि ज्याला पानांचे मर्म सर्वांत अधिक कळले होते, त्या स्टू अंगरचे काय झाले? त्याने १९८१ साली स्पर्धा पुन्हा जिंकली, १९९७ साली तिसऱ्यांदा जिंकून दहा लाख डॉलर मिळवले, आणि १९९८च्या नोव्हेंबरात लास वेगासच्या एका मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय पंचेचाळीस. अंमली पदार्थांनी शरीर पोखरले होते आणि दहा लाखांतले जवळजवळ काही उरले नव्हते. पत्त्यांत स्वस्त काय आणि महाग काय, हे त्याच्याइतके कोणाला कळले नव्हते. पत्त्यांबाहेर मात्र त्याने प्रत्येक वस्तू भलत्याच भावाने घेतली. ब्रन्सन मात्र २०२३ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, वारला. दोघांनाही एकच विद्या अवगत होती. टाकून द्यायचे केव्हा, हे एकाला टेबलाबाहेरही उमगले होते, दुसऱ्याला नाही, असे मला वाटते.

आपल्या महाभारतात नलाची कथा आहे. द्यूतात राज्य घालवून तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवली. नलाने झाड तोडून मोजून पाहिले, तो आकडा बरोबर! तेव्हा नलाने अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षविद्या घेतली आणि गेलेले राज्य परत मिळवले. बेहड्याच्या फळांचेच फासे करीत, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या मोजण्याचे मर्म कळते. ज्याला मोजता येते त्याची द्यूताच्या भुलीतून सुटका होते, असेच तो कथाकार सांगत असावा. बृहदश्व ऋषींनी ही कथा वनवासातल्या युधिष्ठिराला सांगितली आणि तीच विद्या त्यालाही दिली. दुर्दैव इतकेच, की राज्य जाण्यापूर्वी ती द्यायला कोणी आले नाही.

हे सारे ऐकून होईपर्यंत रात्र बरीच झाली होती. मुले जाजमावरच झोपली होती. पुतण्याने कागदावर आकडे मांडून पाहिले, ७२० आणि १,०९६, आणि चिंचोक्यांची रास आजीपुढे सरकवली. आईने ती मोजून पिशवीत भरली. मग म्हणाली, “एवढे सगळे त्या लोकांनी खऱ्या पैशाने खेळून शोधले होय? आम्हांला चिंचोक्यांत कळले होते.”

आणि पिशवीची नाडी ओढून तिने ती पुढच्या दिवाळीसाठी कपाटात ठेवून दिली.